करार पुढे ठेवा: पुरोगामी मंडळींसमोर खासगी अंतराळ उद्योगाची बाजू कशी मांडावी

कामगार संघटना, विद्यार्थी संघटना, पर्यावरण गट किंवा अभ्यास मंडळात खासगी अंतराळ उद्योगाचा विषय निघाला की दोन मिनिटांत चर्चा एलॉन मस्क आणि जेफ बेझोस यांच्यावर येते आणि तिथेच अडकते. मालक आवडतो की नाही, यावर धोरण ठरत नसते. जनतेचा पैसा कंपनीकडे कोणत्या अटींवर जातो, काम फसलं तर भुर्दंड कोणाला बसतो आणि वाचलेला पैसा कुठे जातो, या तीन प्रश्नांवर ते ठरायला हवं. हे प्रश्न डाव्या-पुरोगामी परंपरेचेच आहेत. म्हणून या विषयाची बाजू मांडायची तर ती त्याच भाषेत मांडता येते, आणि तशीच मांडावी.

पुढची तयारी चाळीस मिनिटांच्या मांडणीसाठी आहे. त्यातली वीस मिनिटं प्रश्नोत्तरांना राखून ठेवा. उदाहरणं बहुतेक अमेरिकेतली आहेत, कारण हा प्रयोग तिथे सर्वांत मोठ्या प्रमाणावर झाला आणि त्याचे लेखापरीक्षण अहवाल कोणालाही वाचता येतात.

आधी दावा एका वाक्यात लिहा

‘खासगी क्षेत्र सरकारपेक्षा कार्यक्षम असतं’ हा दावा करू नका. तो सिद्ध होत नाही आणि समोरची मंडळी तिथेच कान बंद करतात. दावा असा ठेवा: ज्या कामाचं तंत्र रुळलं आहे, ते काम सरकारने स्पर्धेतून, ठरलेल्या किमतीला, सेवा म्हणून विकत घ्यावं, आणि त्यातून वाचणारा पैसा विज्ञान, हवामान निरीक्षण आणि लोकोपयोगी सेवांना द्यावा.

यातला शेवटचा भाग गाळला तर तुमचं भाषण उद्योजकांच्या मेळाव्यातलं वाटेल. पहिला भाग गाळला, म्हणजे ‘तंत्र रुळलेलं असावं’ ही अट सोडली, तर पुढे दिलेली अपयशाची उदाहरणं तुमच्यावरच उलटतील.

मंगळावरची वस्ती आणि लघुग्रहांवरच्या खनिजांची अफाट संपत्ती या दोन गोष्टी बाजूला ठेवा. दोन्हींवर आज हिशेब मांडता येत नाही, आणि ज्याचा हिशेब नाही त्यावर पुरोगामी श्रोत्याने विश्वास ठेवावा अशी अपेक्षा धरणं चूक आहे.

फळ्यावर कराराचे दोन प्रकार काढा

याला दहा मिनिटं द्या. सगळी मांडणी यावर उभी आहे.

पहिला प्रकार ‘कॉस्ट-प्लस’. कंपनीचा जो खर्च होईल तो सरकार भरून देतं आणि वर नफा देतं. घराचं बांधकाम ‘जेवढा खर्च येईल तेवढा द्या, वर माझी मजुरी’ या बोलीवर दिलं तर ठेकेदाराला घाई कशाची असेल? दुसरा प्रकार ‘फिक्स्ड-प्राइस’. रक्कम आधी ठरते, पैसे टप्प्याटप्प्याने आणि टप्पा पूर्ण झाल्यावरच मिळतात, वाढीव खर्च कंपनीच्या खिशातून जातो.

पहिल्या प्रकाराचं उदाहरण म्हणून नासाचं चंद्राकडे जाणारं एसएलएस हे मोठं रॉकेट घ्या. २०१० च्या कायद्यानुसार ते २०१६ अखेर तयार व्हायचं होतं. ते पहिल्यांदा उडालं १६ नोव्हेंबर २०२२ रोजी. नासाच्या कारभाराची तपासणी करणाऱ्या महानिरीक्षकांनी त्याच वर्षी हिशेब मांडला: माणसांना पुन्हा चंद्रावर नेण्याच्या आर्टेमिस मोहिमेच्या पहिल्या चार उड्डाणांचा खर्च प्रत्येकी ४.१ अब्ज डॉलर, त्यात अंतराळवीरांचं ओरायन यान आणि जमिनीवरची व्यवस्था धरून. नुसत्या रॉकेटचे २.२ अब्ज. लक्षात आणून द्या की हे रॉकेटसुद्धा खासगी कंपन्यांनीच बांधलं आहे, मुख्य टप्पा बोइंगने. म्हणजे ‘सरकारी विरुद्ध खासगी’ ही विभागणी मुळातच चुकीची आहे. कंपन्या दोन्हीकडे आहेत, फरक करारात आहे. श्रोत्यांच्या मनात एवढं एक वाक्य राहिलं तरी अर्धं काम झालं.

दुसऱ्या प्रकारासाठी २००६ ची मालवाहू यानांची योजना घ्या आणि ती जरा सावकाश सांगा, कारण करार कसा काम करतो ते इथे दिसतं. नासाने दोन कंपन्या निवडल्या: मस्क यांची स्पेसएक्स आणि रॉकेटप्लेन किस्लर. किस्लरला २०.७ कोटी डॉलर मिळायचे होते. टप्प्यांच्या यादीत एक टप्पा ‘खासगी भांडवल उभारणे’ असाही होता. किस्लरला भांडवल उभं करता आलं नाही. तोवर तिला ३.२१ कोटी डॉलर दिले गेले होते. ऑक्टोबर २००७ मध्ये नासाने करार संपवला, उरलेल्या पैशातून नवी स्पर्धा घेतली आणि २००८ च्या सुरुवातीला ऑर्बिटल सायन्सेस या कंपनीला १७ कोटींचा करार दिला. जी कंपनी बुडत होती ती सरकारच्या पैशावर तरंगत राहिली नाही. मे २०१२ मध्ये स्पेसएक्सचं ड्रॅगन यान अंतराळ स्थानकाला जोडलं गेलं, पुढच्या वर्षी ऑर्बिटलचं सिग्नसही पोचलं.

पैशांचा आकडा असा सांगा. स्पेसएक्सला या योजनेत एकूण ३९.६ कोटी डॉलर मिळाले आणि निम्म्याहून जास्त खर्च कंपनीने स्वतः घातला. नासाने २०११ मध्ये अंदाज काढला होता की ड्रॅगनला कक्षेत नेणारं स्पेसएक्सचं फाल्कन ९ रॉकेट जुन्या पद्धतीने विकसित केलं असतं तर सुमारे ४ अब्ज डॉलर लागले असते. कंपनीचा प्रत्यक्ष खर्च, आधीचं छोटं फाल्कन १ धरून, ३९ कोटींच्या आसपास होता.

इथे एक चूक हमखास होते. ‘दहापट स्वस्त’ असं सांगून वक्ता मोकळा होतो. ४ अब्जांचा आकडा संगणकीय प्रारूपावरचा अंदाज आहे, शिवाय नासाने नव्या पद्धतीसाठी काढलेला स्वतःचा अंदाजही १.७ अब्जांचा होता. आणि ही तुलना फाल्कन ९ च्या पहिल्या आवृत्तीपुरती आहे. हे तुम्हीच आधी सांगा. दुसऱ्याने सांगितलं तर बाकीचे आकडेही संशयात येतात.

राजकारण कोणी कुठे उभं राहून केलं

पाच मिनिटं पुरेत. फेब्रुवारी २०१० मध्ये बराक ओबामांच्या अर्थसंकल्पाने पुन्हा चंद्रावर जाण्याची नासाची कॉन्स्टेलेशन योजना रद्द करून अंतराळवीरांची ने-आण खासगी कंपन्यांकडून विकत घेण्याचा प्रस्ताव मांडला. बाजारपेठेचे गोडवे गाणारे अलाबामाचे रिपब्लिकन सिनेटर रिचर्ड शेल्बी विरोधकांच्या आघाडीवर होते, कारण जुने करार त्यांच्या राज्यात होते. विरोध डेमोक्रॅट सदस्यांकडूनही झाला आणि नील आर्मस्ट्राँगसारख्या अंतराळवीरांकडूनही. तडजोड म्हणून त्याच वर्षीच्या कायद्यात एसएलएस आलं. तेव्हा ‘हा उजव्यांचा कार्यक्रम आहे’ असं कोणी म्हणालं तर हा इतिहास पुढे ठेवा: प्रस्ताव डेमोक्रॅट अध्यक्षाचा होता आणि मतदारसंघातले ठेके वाचवण्यासाठी दोन्ही पक्ष एक झाले.

आक्षेप: कमी लेखू नका

सर्वांत जुना आणि नैतिकदृष्ट्या सर्वांत भक्कम आक्षेप गरिबीचा आहे. १५ जुलै १९६९ रोजी, अपोलो ११ च्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी, मार्टिन ल्यूथर किंग यांचे सहकारी राल्फ अबर्नथी गरीब कुटुंबांना आणि खेचरांच्या गाड्यांना घेऊन केप केनेडी या उड्डाणतळावर गेले. नासाचे प्रमुख थॉमस पेन त्यांना उघड्या मैदानात भेटले आणि म्हणाले, बटण न दाबल्याने गरिबी मिटणार असेल तर आम्ही उद्या बटण दाबणार नाही. याला उत्तर देताना ‘अंतराळाचा खर्च किरकोळ असतो’ असं उडवून लावू नका. खरं सांगा: १९६६ मध्ये नासाचा वाटा अमेरिकेच्या केंद्रीय खर्चाच्या सुमारे ४.४ टक्के होता, आज तो अर्ध्या टक्क्याहून कमी आहे. वाटा इतका घटला, तरी उपासमार त्यामुळे संपली नाही. मग विचारा की जो पैसा अंतराळावर खर्च होणारच आहे, तो ४ अब्जांच्या एकेका उड्डाणात जावा की कमी किमतीत काम उरकून उरलेला वळवावा?

त्यासाठी युरोपा क्लिपरचं उदाहरण हाताशी ठेवा. गुरूच्या उपग्रहाकडे निघालेलं हे यान एसएलएसवरूनच सोडायचं असं अमेरिकी काँग्रेसने कायद्यात घातलं होतं. ती सक्ती उठल्यावर २०२१ मध्ये फाल्कन हेवी रॉकेटसाठी स्पेसएक्सशी सुमारे १७.८ कोटी डॉलरचा करार झाला आणि यान १४ ऑक्टोबर २०२४ रोजी निघालं. २.२ अब्जांतून १७.८ कोटी वजा करायला श्रोत्यांनाच सांगा.

दुसरा आक्षेप अब्जाधीशांना खिरापत हा. चंद्रावर उतरणाऱ्या दुसऱ्या यानासाठी १० अब्ज डॉलरची तरतूद येऊ लागली तेव्हा डाव्या विचारांचे सिनेटर बर्नी सँडर्स यांनी ती बेझोसना दिलेली मदत आहे म्हणून विरोध केला. त्यांचा प्रश्न रास्त होता. पुढे मे २०२३ मध्ये बेझोस यांच्या ब्लू ओरिजिन कंपनीला करार मिळाला तो सुमारे ३.४ अब्जांचा, ठरलेल्या किमतीचा, आणि त्याहून मोठी रक्कम आपण स्वतः घालू असं कंपनीने जाहीर केलं. त्यामुळे चंद्रयानासाठी नासाकडे आता एकाऐवजी दोन पुरवठादार आहेत. सँडर्सांसारखी करडी नजर असावी आणि दुसरा पुरवठादारही असावा, अशी दुहेरी भूमिका घ्या.

मक्तेदारीच्या आक्षेपावर मात्र वेळ द्या, कारण तो खरा आहे. १९६२ मध्ये केनेडी सरकारने दळणवळण उपग्रहांसाठी कॉमसॅट ही खासगी कंपनी काढायचं विधेयक आणलं. निम्मे समभाग टेलिफोन-तार कंपन्यांना मिळणार होते. वेन मॉर्स आणि एस्टेस केफॉवर हे उदारमतवादी सिनेटर ताठ उभे राहिले: जनतेच्या पैशातून आलेलं तंत्र एटी अँड टी या टेलिफोन कंपनीच्या मुठीत का द्यायचं? त्यांची लांबलेली भाषणं थांबवायला १४ ऑगस्टला सिनेटला चर्चाबंदीचं मतदान घ्यावं लागलं. त्यांची भीती आज वेगळ्या रूपात समोर आहे. अमेरिकेतून माणसं कक्षेत नेणारं नियमित यान सध्या एकच आहे, ड्रॅगन. जून २०२५ मध्ये ट्रम्प यांच्याशी जाहीर भांडण झालं तेव्हा मस्क यांनी ते यानच बंद करण्याची धमकी दिली आणि काही तासांत मागे घेतली.

यावर उपाय जुनी पद्धत आणणं हा नाही. २०१४ मध्ये अंतराळवीर नेण्यासाठी बोइंगला ४.२ अब्ज आणि स्पेसएक्सला २.६ अब्ज डॉलरचे करार झाले. एकाच कंपनीला द्या असा आग्रह काँग्रेसमध्ये होता, आणि तसं झालं असतं तर नावाजलेल्या बोइंगची निवड होण्याची शक्यता जास्त होती. जून २०२४ मध्ये बोइंगच्या स्टारलायनरमधून सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर गेले, यानात बिघाड झाले आणि दोघे मार्च २०२५ मध्ये ड्रॅगनमधून परतले. दुसरा पुरवठादार होता म्हणून परतीची सोय होती. बोइंगच्या खात्यावर या योजनेत दोन अब्ज डॉलरहून जास्त तोटा नोंदला गेला. कॉस्ट-प्लस असता तर तो करदात्यांनी भरला असता. पण हेही सांगा: २०१९ मध्ये महानिरीक्षकांना आढळलं की नासाने बोइंगला ठरलेल्या किमतीवर २८.७ कोटी डॉलर जादा दिले होते. ‘फिक्स्ड-प्राइस’ असं लिहिल्याने किंमत आपोआप ठरलेली राहत नाही, तिच्यावर लक्ष ठेवावं लागतं.

कामगारांचा प्रश्न निघेल तेव्हा झाकपाक करू नका. मस्क यांच्यावर टीका करणाऱ्या २०२२ च्या खुल्या पत्रावरून आठ जणांना कामावरून काढल्याबद्दल अमेरिकेच्या कामगार मंडळाने जानेवारी २०२४ मध्ये स्पेसएक्सवर तक्रार दाखल केली आणि कंपनीने मंडळाच्या घटनात्मकतेलाच कोर्टात आव्हान दिलं. सरकार ग्राहक असतं तेव्हा कामगार कायदे पाळण्याची अट करारात घालता येते. ती मागायची.

बाजार कुठे चालत नाही, हे तुम्हीच सांगा

ही पाच मिनिटं तुमची विश्वासार्हता ठरवतात. लँडसॅटचा किस्सा पुरा सांगा. पृथ्वीची छायाचित्रं घेणारे हे उपग्रह जनतेच्या पैशातून उभे राहिले. १९८४ मध्ये रेगन यांच्या काळात कायदा करून त्यांची विक्री इओसॅट या कंपनीकडे सोपवली. एका चित्राची किंमत चार हजार डॉलरच्या वर गेली. विद्यापीठं आणि गरीब देश गिऱ्हाइकांच्या यादीतून गळले. १९९२ च्या कायद्याने व्यवस्था पुन्हा सरकारकडे आली, तरीही सर्वाधिक विक्रीच्या वर्षी जेमतेम २५ हजार चित्रं विकली गेली. २००८ मध्ये सगळा संग्रह मोफत झाला आणि वर्षाला दहा लाखांच्या घरात चित्रं उतरवली जाऊ लागली. जंगलतोड, पीकपाणी, दुष्काळ यांवरचं आजचं कितीतरी संशोधन त्या निर्णयावर उभं आहे.

इथे ग्राहकांना दुसरा पर्याय नव्हता, उपग्रहाचा भांडवली खर्च आधीच जनतेने भरलेला होता आणि कंपनीला फक्त टोलनाका मिळाला. असा व्यवहार दिसला की विरोध करा, तो अंतराळातला असो की रस्त्यावरचा.

याच कामाची चांगली रचनाही आहे. २०२० मध्ये नॉर्वे सरकारने प्लॅनेट या कंपनीच्या उपग्रहांची उष्णकटिबंधीय जंगलांची चित्रं विकत घेतली आणि ती जंगल वाचवू पाहणाऱ्या कोणालाही मोफत पाहायला खुली केली. कंपनीला तिचा मोबदला मिळाला, डेटा सगळ्यांचा झाला. पर्यावरण गटासमोर बोलत असाल तर मिथेनसॅटही सांगा: एका अमेरिकी पर्यावरण संस्थेने स्वतःचा उपग्रह बनवून मार्च २०२४ मध्ये स्पेसएक्सच्या सामायिक उड्डाणातून सोडला. तो जून २०२५ मध्ये संपर्काबाहेर गेला, पण तेल-वायू कंपन्यांची गळती मोजायला एक स्वयंसेवी संस्था स्वतःचा उपग्रह पाठवू शकते हे स्वस्त उड्डाणांमुळे शक्य झालं.

आणि तंत्र रुळलेलं नसेल तर काय होतं? नासाने २०२२ मध्ये नव्या अंतराळ पोशाखांसाठी ठरलेल्या किमतीचे करार केले. दोन कंपन्यांपैकी कॉलिन्स एरोस्पेसने २०२४ मध्ये काम अर्धवट सोडलं. दुसरं गिऱ्हाईक नाही आणि अडचणी आधी कळत नाहीत, अशा कामात कंपनीवर सगळी जोखीम टाकली की ती पळ काढते.

ठरावात घालायच्या अटी

सभेच्या शेवटी ठराव करायचा असेल तर तो पाऊण पानात बसवा.

१. एकाच सेवेसाठी किमान दोन पुरवठादार.
२. टप्पा पूर्ण झाल्यावरच पैसे, टप्पा चुकल्यास करार रद्द. करार आणि त्यातले सगळे बदल जाहीर.
३. सरकारी पैशातून मिळालेला पृथ्वी-निरीक्षणाचा डेटा खुला.
४. पृथ्वीजवळच्या कक्षेतले उपग्रह काम संपल्यावर पाच वर्षांत खाली. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २०२२ मध्ये हा नियम केला. २०२३ मध्ये डिश या उपग्रह-टीव्ही कंपनीला कक्षेतल्या कचऱ्याबद्दल झालेला पहिला दंड मात्र फक्त दीड लाख डॉलरचा होता, त्यामुळे दंड उपग्रहाच्या किमतीच्या प्रमाणात मागा.
५. कामगार कायद्यांचं पालन ही कराराची अट.
६. वाचलेल्या पैशाचा विज्ञानासाठी वेगळा कप्पा.

सहावी अट कोणी किरकोळ समजू नये. २०२५ मध्ये व्हाइट हाउसने नासाच्या विज्ञान निधीत जवळपास निम्मी कपात सुचवली होती. स्वस्त रॉकेटची बचत आपोआप दुर्बिणींकडे जात नाही, ती मागावी लागते.

कायदेशीर आधार विचारला तर १९६७ चा बाह्य अंतराळ करार पुढे करा. कलम ६ नुसार खासगी कंपन्यांच्या अंतराळातल्या कामांनाही राष्ट्राची परवानगी आणि सततची देखरेख लागते. ‘आकाशात कंपन्यांचं मोकळं रान आहे’ हे खरं नाही. सरकारं आपलं काम करत नसतील तर तो वेगळा, आणि जाब विचारण्याजोगा, मुद्दा आहे.

भारत आणि महाराष्ट्र

आपल्याकडे अंतराळाची सुरुवातच लोकोपयोगातून झाली. १९७५-७६ मध्ये अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २,४०० गावांत शेती-आरोग्य-शिक्षणाचे कार्यक्रम दाखवले गेले. ‘इस्रो म्हणजे निव्वळ सरकारी’ हेही अपुरं आहे: इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर आणि मुंबईतलं विक्रोळी इथले खासगी कारखाने कित्येक वर्षं रॉकेटचे भाग आणि इंजिनं बनवत आले आहेत. २०२० पासून क्षेत्र खासगी कंपन्यांना खुलं झालं, २०२३ मध्ये अंतराळ धोरण आलं. पण संसदेने केलेला अंतराळ कायदा नाही, २०१७ चा मसुदा तसाच पडला. १९७२ च्या दायित्व करारानुसार भारतातून उडालेल्या खासगी रॉकेटमुळे परदेशात नुकसान झालं तर जबाबदारी भारत सरकारवर येते. म्हणून विम्याची रक्कम आणि कंपनीचा वाटा कायद्यात लिहिला जावा, ही मागणी ठरावात जोडा.

महाराष्ट्रात काम थेट हातात घेता येतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य शासनाने स्टारलिंक या स्पेसएक्सच्या उपग्रह इंटरनेट सेवेशी इरादापत्रावर सही केली. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशिमसारख्या जिल्ह्यांतल्या सरकारी संस्था आणि दुर्गम वस्त्यांपर्यंत उपग्रह इंटरनेट नेण्याचा हेतू त्यात आहे. हेतू चांगला आहे, म्हणूनच अटी पाहायला हव्यात. माहितीच्या अधिकारात राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाकडे अर्ज करा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि शक्यतो १५० शब्दांत असावा, सोबत १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. मागायचं एवढंच: इरादापत्राची प्रत, त्यानंतर झालेल्या कराराची प्रत, प्रति जोडणी सरकार भरणार असलेली रक्कम, दुसऱ्या कंपन्यांकडून दर मागवले का त्याची कागदपत्रं, आणि सेवा बंद पडल्यास दंडाची तरतूद. ‘का’ असा प्रश्न अर्जात लिहू नका. खुलासा किंवा मत देणं माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नसतं, त्यामुळे कागद मागा.

अर्ज चुकीच्या विभागात गेला तर कलम ६(३) प्रमाणे त्यांनीच पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. व्यापारी गुपित म्हणून कलम ८(१)(घ) पुढे केलं जाण्याची शक्यता बरीच आहे. त्याच कलमात व्यापक जनहितासाठी माहिती देता येते असंही म्हटलं आहे, तेव्हा नकार मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत पहिलं अपील करा आणि त्यात लिहा की रक्कम सार्वजनिक निधीतून जाणार आहे.